तांदळाची मूठ आणि फॉरेन फंडिंग

मिशनरी आले, तांदळाची पोती वाटली आणि भोळे आदिवासी ख्रिश्चन झाले. धर्मांतराचा विषय कुठेही निघाला की हे वाक्य येतंच, फक्त पोत्यातला माल बदलतो, कधी तांदूळ, कधी दूध पावडर, कधी गोळ्या-औषधं. मी ख्रिश्चन नाही, देवळातही सणासुदीलाच जातो, त्यामुळे मिशनऱ्यांची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण या वाक्यातल्या मिशनऱ्यापेक्षा त्यातला तो 'भोळा' आदिवासी मला जास्त खटकतो. म्हणजे आपल्याला देव बदलायचा असेल तर तो विचार, चिंतन, फार तर बंड, आणि त्याने बदलला की त्याला कोणीतरी किलोभर तांदळात गुंडाळलं, असं का?

मिझोरममध्ये तर तांदूळ उलट्या दिशेने गेलेला आहे. तिथे 'बुहफाई थाम' नावाची एक रीत आहे. घरात भात शिजवायला तांदूळ काढले की आधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची, प्रत्येक वेळी, आणि आठवड्याला चर्चच्या बायका घरोघरी फिरून ते तांदूळ गोळा करतात, ते विकून येणारा पैसा चर्चच्या कामाला जातो. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही मूठ आज वर्षाला कोट्यवधी रुपयांची होते आणि त्यातून मिझो चर्च स्वतःचे मिशनरी भारतात इतरत्र पाठवतं. पुण्यात आमच्या ऑफिसात एक मिझो मुलगी आहे, तिच्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो तेव्हा कुकर लावण्याआधी तिने बोर्नव्हिटाच्या जुन्या बरणीत मूठभर तांदूळ टाकले, मी विचारलं हे काय, तर म्हणाली इथे गोळा करायला कोणी येत नाही, म्हणून महिन्याच्या शेवटी अंदाज करून तेवढे पैसे गावाला फोनपे करते आणि बरणीतले तांदूळ परत डब्यात ओतते. फॉरेन फंडिंग, फॉरेन फंडिंग म्हणून जे आपण ओरडतो ना, त्याचा हा मिझो अवतार.

आता सुरुवातीला परदेशी पैसा होता का? होता की. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात रॉबर्ट आर्थिंग्टन नावाचा एक विक्षिप्त श्रीमंत माणूस होता, एवढा कंजूष की लोक त्याला लीड्सचा कंजूष म्हणूनच ओळखायचे. त्याची श्रद्धा अशी, की पृथ्वीवरच्या प्रत्येक जमातीला एकदा शुभवर्तमान ऐकवून झालं की येशू परत येणार, म्हणून स्वतःवर खर्च करायचा नाही आणि मिशनऱ्यांनीही एका जागी फार वेळ काढायचा नाही, पटापट पुढे सरकायचं. त्याच्या पैशावर लॉरेन आणि सॅविज ही दोन तरुण मुलं होडीतून तलॉंग नदीने येत ११ जानेवारी १८९४ ला मिझोरममधल्या सायरंगला उतरली. तेव्हा हा भाग लुशाई हिल्स. चारच वर्षांपूर्वी ब्रिटिश फौजांनी तो ताब्यात घेतला होता, म्हणजे मिशनरी आले ते बंदुकीच्या मागोमाग आले हे खरंच आहे, ते लपवायचं काही कारण नाही.

पण पुढे काय झालं बघा. त्यांनी मिझो भाषा ऐकून ऐकून तिला रोमन अक्षरांत बसवलं, शाळा काढली, व्याकरण आणि शब्दकोश केला, तो १८९८ मध्ये सरकारने छापला, बायबलमधली लूक आणि योहान यांची शुभवर्तमानं भाषांतरित केली. आणि १८९७ अखेर आर्थिंग्टनच्या हुकुमाने गाशा गुंडाळून निघाले तेव्हा त्यांच्या नावावर बाप्तिस्मे किती? शून्य. चार वर्षांत एकही माणूस नाही. त्यांच्यानंतर वेल्समधून आलेल्या डी. ई. जोन्स यांनी पहिला बाप्तिस्मा दिला तो जुलै १८९९ मध्ये, खुमा आणि खारा अशा दोन जणांना. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या लुशाई हिल्समध्ये ख्रिश्चन ४५, आणि लोकसंख्या ऐंशी हजाराच्या वर. आमिष दाखवून झटपट होत असतं तर सात वर्षांत ४५ हा फारच वाईट परफॉर्मन्स म्हणायचा. १९५१ पर्यंत मात्र पाचातले चार मिझो ख्रिस्ती झाले होते, आणि हे मूठभर गोऱ्यांनी गावोगाव फिरून केलेलं नाही, तेवढे गोरे तिथे कधी नव्हतेच. हे केलं मिझोंनी, एकाने दुसऱ्याला सांगत.

आणि सांगण्याची जागा कुठली, तर संडे स्कूल. आपल्याकडे संडे स्कूल म्हटलं की लहान मुलांना येशूची चित्रं रंगवायला देणं एवढंच डोळ्यासमोर येतं. मिझोरममध्ये मोठी माणसंही जायची, आजही जातात, म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही वर्ग असतात आणि परीक्षाही होतात. गावात शाळा नसली तरी संडे स्कूल असायचं आणि तिथे बायबल वाचायचं म्हणजे आधी अक्षर शिकणं आलं. २०११ च्या जनगणनेत मिझोरमची साक्षरता ९१ टक्क्यांच्या वर आहे, महाराष्ट्राची ८२. याला अर्थात सगळं श्रेय बायबल स्टडीचं नाही, सरकारने शाळा मिशनच्या हातात दिल्या होत्या, वाचता येणाऱ्याला कारकुनाची नोकरी मिळायची, हा फायदा लोकांना दिसत होताच. पण मग याला आमिष म्हणायचं असेल तर आपले आजोबा इंग्रजी शाळेत गेले तेही आमिषच होतं.

मिशनरी आणि सरकार एकच, हा दुसरा आवडता पॉइंट. इथे मला डॉ. पीटर फ्रेझरची गोष्ट सांगायचीच आहे. हा वेल्समधला डॉक्टर १९०८ च्या डिसेंबरमध्ये आयझॉलला आला. मिझो समाजात तेव्हा 'बोई' नावाची पद्धत होती, विधवा, अनाथ, उपासमारीने टेकीला आलेली कुटुंबं गावच्या राजाच्या घरी आसऱ्याला जायची आणि मग त्याचीच होऊन राहायची, राबायचं त्याच्याकडे, मुलंबाळंही त्याचीच, आणि सुटायचं असेल तर एक मिथुन म्हणजे तिकडचा तो मोठा अर्धरानटी बैल, किंवा ४० रुपये. त्या काळात ४० रुपये उपाशी माणूस आणणार कुठून? फ्रेझर म्हणाला ही गुलामगिरी आहे आणि ब्रिटिश राज्यात गुलामगिरी बेकायदा आहे. सरकारी साहेब म्हणाले ही स्थानिक रीत आहे, गरिबांना त्यात आधारच मिळतो, तुम्ही दवाखाना बघा. साहेबांची गोची अशी होती, की डोंगरात राज्य चालवायचं ते या राजांच्याच जिवावर, त्यांना दुखवून चालणार नव्हतं. सुपरिंटेंडंट कोल याने फ्रेझरला लिहून द्यायला सांगितलं की मी यात पडणार नाही, त्याने दिलं नाही, आणि १९१२ मध्ये त्याला परत जावं लागलं. त्याच्या स्वतःच्या मिशनच्या बोर्डानेही त्याला म्हणावी तशी साथ दिली नाही. पुढे ती पद्धत मोडीत निघाली. या किश्श्यात स्थानिक संस्कृती जपा म्हणणारा कोण आणि ती मोडा म्हणणारा कोण हे बघितलं की डोकं जरा भणभणतं, निदान माझं तरी.

म्हणून मिशनरी काय हेतूने आला हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. हेतू उघड आहे, धर्म पसरवायला आला, तो कधी नाही म्हणाला? खरा प्रश्न आहे वाचणाऱ्याने त्या पुस्तकाचं काय केलं. आणि एकदा माणूस वाचायला शिकला की तो देणाऱ्याच्या हातात राहत नाही. मिझोंमध्येच बघा, बायबलचा जुना करार वाचता वाचता काही जणांना वाटलं की अरे हे विधी, ही बळी देण्याची पद्धत, ही तर आपल्या पूर्वजांसारखीच आहे, मग १९५१ मध्ये बुआलॉन गावच्या एकाला स्वप्न पडलं की आपण इस्राएलच्या हरवलेल्या वंशातले. त्यातून सुरू झालेली चळवळ एवढी वाढली की २००५ मध्ये इस्राएलच्या प्रमुख राब्बींनी त्यांना मान्यता दिली आणि मिझोरम-मणिपूरमधले हजारो लोक, बनेई मनाशे म्हणतात त्यांना, तिकडे जाऊन स्थायिक झाले. वेल्सच्या मिशनऱ्यांनी ख्रिस्ती करायला पुस्तक दिलं आणि वाचणारे ज्यू होऊन निघाले! ते खरोखर त्या वंशाचे आहेत का यावर वाद आहे, तो इतिहासवाल्यांनी घालावा, पण आपण कोण आहोत हे त्यांनी स्वतः वाचून ठरवलं यात वाद नाही.

आपल्या कोकणात हेच त्याच्याही आधी घडलंय. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, १८३२ मध्ये, अमेरिकन मिशनच्या शाळांतून त्यांची मुलं शिकली, जुन्या करारातली पुस्तकं मराठीत आली. मिशनऱ्यांना आशा होती की हे लोक आता ख्रिस्ती होतील. झाले किती, तर अगदी बोटावर मोजण्याएवढे. बाकीच्यांनी तेच हिब्रू आणि तेच मराठी बायबल घेतलं आणि जास्त पक्के यहुदी झाले, कोचीनहून आलेल्या शिक्षकांचीही त्यात मोठी मदत झाली, आणि १८८० च्या आसपास तर त्यांनी जुन्या करारातल्या गोष्टींवर चक्क मराठी कीर्तनं रचली, वीणा-टाळासकट. बिरसा मुंडाही चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला होता, तिथून बाहेर पडला आणि स्वतःचा पंथ काढून साहेब आणि मिशनरी दोघांवर उलटला.

नुकसान झालंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, झालं आणि चांगलंच झालं. मिशनऱ्यांना मिझोंचा ढोल चालायचा नाही, कारण ढोल म्हणजे तांदळाची दारू, नाच, जुने देव. चर्चमध्ये त्याला बंदी. जुनी गाणी पापाची, सणांना जायचं नाही, वेल्सच्या चालीवर भाषांतरित गाणी म्हणायची. पिढ्यान्पिढ्यांचा गाण्याचा साठा ज्यांच्या तोंडात होता त्यांना सांगायचं की हे तोंडात आणू नका, याला उद्धटपणाच म्हणतात, दुसरा शब्द नाही. लोकांनी उत्तरही दिलं, १९०८ च्या सुमाराला 'पुमा झाई' नावाच्या गाण्यांची अशी लाट आली की गावंच्या गावं तीच गात नाचायला लागली आणि चर्चची हवाच गेली. पुढे १९१९ च्या सुमारास जे धार्मिक पुनरुज्जीवन झालं त्यात ढोल हळूहळू चर्चच्या आत आला, मिझो कवींनी स्वतःच्या संथ, उदास चालींवर ख्रिस्ती गाणी लिहिली, लोक जमून ढोलाच्या ठेक्यावर रात्ररात्र ती गातात, लेंगखॉम म्हणतात त्याला. म्हणजे मिशनऱ्याचा नियम मिझो ख्रिश्चनांनीच मोडला. पण मधल्या काळात जे गेलं ते गेलंच, ते परत आलं असं सांगून हिशोब बरोबर करता येत नाही.

झॉलबुकचं तर आणखी वेगळं. हे गावच्या तरुण पोरांचं झोपायचं-शिकायचं सामाईक घर, आपल्या गडचिरोली-बस्तरच्या घोटुलची आठवण येते पण यात फक्त मुलगे. ते मोडकळीला आलं तेव्हा ते टिकवा म्हणून हुकूम काढणारा होता पॅरी नावाचा ब्रिटिश अधिकारी, १९२६ मध्ये, आणि नको आम्हाला, मुलं घरी अभ्यास करू देत, असं म्हणणारे शिकलेले मिझो. १९३८ मध्ये ते त्यांच्याच मताने बंद झालं. मला व्यक्तिशः वाईट वाटतं. पण माझ्या वाईट वाटण्याला त्यात मत नाही, नसायलाच पाहिजे.

आणि आजचं मिझो चर्च म्हणजे काही गरीब गाय नाही. निवडणुकीत उमेदवारांनी प्रचार कसा करायचा याची आचारसंहिता चर्चच्या पुढाकाराने उभं राहिलेलं व्यासपीठ ठरवतं (आणि खरं सांगायचं तर तिथल्या निवडणुका बघून आपल्याला लाज वाटावी इतक्या त्या शांत असतात), दारूबंदी चर्चच्या दबावाने येते. १९९७ मध्ये ब्रू जमातीची हजारो कुटुंबं मिझोरममधून पळून त्रिपुराच्या छावण्यांत गेली आणि वीस-बावीस वर्षं तिथे सडली, २०२० च्या करारानंतर त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. तो झगडा धर्मापेक्षा जमातीचा होता, ब्रूंमध्येही ख्रिस्ती आहेत. पण घराघरात बायबल असलेल्या राज्यात शेजाऱ्याला हाकलून दिलं गेलं हे तर खरंच. साक्षर होणं आणि उदार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राला तर सांगायलाच नको.

आता आपल्या दारात येऊ. स्वतंत्र भारतातल्या धर्मांतराच्या कायद्यांचा उगम शोधत गेलात तर नागपूरला पोचाल, तेव्हा ते मध्य प्रदेशची राजधानी होतं. निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती १९५४ ची, अहवाल १९५६ चा. त्यानंतर ओडिशाचा कायदा १९६७, मध्य प्रदेशचा १९६८, आणि १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धर्मप्रसाराचा हक्क आहे पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. पुढे अटी वाढत गेल्या, मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं. महाराष्ट्रातही कडक कायदा हवा ही मागणी २०२५ मध्ये जोरात झाली. जबरदस्ती, फसवणूक, धमकी याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यावर दुमत असायचं कारण नाही आणि त्यासाठी फौजदारी कायद्यात कलमं आहेतच. पण कोणाची प्रार्थना म्हणायची हे सांगायला अक्कलकुव्याच्या बाईने नंदुरबारच्या कलेक्टर ऑफिसात अर्ज करायचा, मग तिची चौकशी होणार, मग गावात कळणार, मग काय होणार हे आपल्याला माहीत नाही का? बस्तरमधल्या एका गावात ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा द्यायला गाव तयार नव्हतं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींचं आपसात जुळलं नाही आणि शेवटी वीसेक दिवस शवागारात राहिलेलं प्रेत दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यायचा आदेश झाला. जबरदस्ती होते ती या बाजूनेही होते, आणि तिच्याविरुद्ध कायदा करा असं कोणी म्हणत नाही.

आपल्याला आवडणारा मिशनरी एकच, ज्याने मिशन सोडलं तो. व्हेरियर एल्विन, १९२७ मध्ये पुण्यात ख्रिस्त सेवा संघात आला, १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सोबत्याबरोबर मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेला, धर्मप्रचार करणार नाही म्हणाला, म्हणून नागपूरच्या बिशपने परवाना नाकारला, शेवटी त्याने चर्चच सोडलं. मोठाच माणूस. (हिवाळे मात्र आपणच विसरलो, आयुष्य त्यांनीही तिथेच घातलं.) पण एल्विनलाही वाटायचं की आदिवासींसाठी काय बरं ते आपल्याला कळतं, बाहेरचं वारं त्यांना लागू नये. समाजशास्त्रज्ञ घुर्ये म्हणाले हे तर मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना मुख्य समाजात आणा. मिशनरी म्हणाले प्रभूकडे आणा. भांडण जोरदार झालं, पण गोंडांना विचारा असं त्यात कोणी फारसं म्हणाल्याचं दिसत नाही.

राहिलं डीलिस्टिंग. धर्म बदललेल्या आदिवासीला एसटी यादीतून काढा, ही मागणी काँग्रेसचे आदिवासी खासदार कार्तिक उरांव यांच्यापासून, म्हणजे १९७० च्या आसपासपासून चालू आहे आणि आता आपल्याकडेही त्याचे मोर्चे निघतात. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, चर्चच्या शाळेत शिकलेल्याने सवलती जास्त उचलल्या ही तक्रार काही ठिकाणी खरी असेल, त्यावर आदिवासींमध्येच चर्चा व्हायला हवी. पण अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती पहिल्यापासूनच नाही. जमात ठरते ती कूळ, भाषा, राहणी, प्रदेश यावरून, आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून नंदुरबारच्या भिलाची जमीन सुपीक होत नाही की सावकार त्याला सोडत नाही. मिझोरममध्ये ९४ टक्के लोक एसटी आहेत आणि ८७ टक्के ख्रिस्ती, विधानसभेच्या ४० पैकी ३९ जागा एसटीसाठी राखीव. उद्या डीलिस्टिंग झालं तर त्या ३९ जागांवर उभं कोण राहणार, हे मोर्चावाल्यांनी एकदा आयझॉलला जाऊन सांगावं.